ताईची पापणी

मी डूख धरणारी बाई आहे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून मोठेपणाची आशा करणार नाही. "जाऊ दे ना आता, झालं ते झालं" असं म्हणणारी माणसं मला मुळीच आवडत नाहीत. त्यांचं काही गेलेलं नसतं. माझं नाव गेलं होतं, आणि ते माझ्या सख्ख्या बहिणीने घालवलं होतं.

ताई माझी थोरली बहीण, आणि मोठी जाऊही तीच. माहेर आमचं परतवाड्याकडचं, संत्र्याच्या बागांमधलं. बाळापूर तालुक्यातल्या एका घरात लग्नाचे दोन भाऊ होते, आमच्याकडे आम्ही दोघी. वडिलांनी दोघींना एकाच मांडवात उजवलं आणि एकाच घरात धाडलं. गाव आम्हाला महालक्ष्म्यांची जोडी म्हणायचं. आमच्याकडे भाद्रपदात घरोघरी दोन बहिणी शेजारी शेजारी उभ्या करतात, तशा आम्ही. फक्त त्या दोघी कधी भांडत नाहीत, कारण त्यांना तीनच दिवस एका घरात काढायचे असतात.

सासरी फुलशेती. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. फुलं पहाटे तोडायची, क्रेटमध्ये भरायची आणि मालाच्या गाडीतून अकोल्याच्या बाजारात. विहिरीजवळ एक पत्र्याची खोली होती. क्रेट, दोऱ्याची बंडलं, फवारणीचा पंप आणि फवारणीच्या बाटल्या, सगळं तिथेच. खोलीला एक उग्र वास कायमचा बसलेला. आम्हाला तो येईनासा झाला होता, पाहुण्यांना यायचा.

ती सकाळ दसऱ्याच्या आधीची, म्हणजे झेंडूचा हंगाम ऐन भरात. ताईचं आणि माझं वाजलं होतं. मला वेगळी चूल हवी होती. एका घरात दोन बहिणी जावा झाल्या की बहीणपण मागे पडतं आणि जाऊपण उरतं, हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. मी तणतणत खोलीत गेले आणि क्रेट भरायला बसले. माझा आवाज विहिरीपलीकडे गेला असणार, कारण तो नेहमीच जातो.

थोड्या वेळाने ताई दारात आली. दोरा न्यायला आली असेल किंवा राहिलेलं भांडण पुरं करायला. तेवढ्यात माझ्या डोक्यात मागून काहीतरी फुटलं. दुखलं असं नाही म्हणत मी. डोकेदुखी मला ठाऊक होती, उन्हाची, उपासाची, पित्ताची. हे तसलं नव्हतं. कुऱ्हाडीचा घाव बसावा तसं एका क्षणात आलं. दोन्ही हातांनी डोकं धरून मी म्हटलं, "ताई, डोकं फुटून राहिलं माहं." मग ओकारी झाली आणि मी क्रेटवर कोसळले. शेवटचं दिसलं ते दारातलं तिचं पाऊल आणि जोडवी.

पुढचं सगळं मी ऐकलेलं आहे. पण अनेकांकडून ऐकलंय, ते एकमेकांशी जुळतं, आणि ताईने स्वतः ते इतक्यांदा रंगवून सांगितलंय की मला ते पाहिल्यासारखंच वाटतं.

तिने आरडाओरडा केला की मी जहर पेली. खोलीला वास येत होता, बाटल्या जवळच होत्या, सकाळी भांडण झालेलं, आणि मी ओकलेली. आमच्या भागात एवढं पुरे होतं. फवारणीच्या दिवसांत शेतात कुणी पडलं की माणसं पहिल्यांदा बाटली शोधतात. तिने मला मिठाचं पाणी पाजलं, घशात बोटं घातली आणि ओकवलं. डोक्यातली नस फुटलेल्या बाईला जोर लावून ओकवायचं म्हणजे काय, हे मला पुढे अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी ते सौम्य शब्दांत सांगितलं. मी इथे सौम्यपणे सांगणार नाही. तिने मला मारलंच होतं, मी मेले नाही एवढंच.

बाळापूरच्या दवाखान्यात विचारलं, काय झालं? ताई म्हणाली, "सकायी भांडली अन् खोलीत जाऊन जहर पेली." विचारलं, पडायच्या आधी काही बोलली का? ताई म्हणाली, "काईच नाई बोलली."

हे 'काईच नाई' मी आजवर विसरलेले नाही. पहिल्या घाईत कुणाचीही चूक होते, तिचीही झाली असेल. पण मी बोलले होते. तिच्या तोंडाकडे बघून बोलले होते. तिने ते ऐकलं होतं.

तिथे माझ्या नाकातून नळी घालून पोट धुतलं, अकोल्याला पाठवलं, आणि अकोल्याला एका डॉक्टरीणबाईंना शंका आली. जहर पोटात गेलं की डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, तोंडाला लाळ सुटते. माझं तसं काही नव्हतं. त्यांनी माझी मान छातीकडे वाकवून पाहिली, ती वाकेना. मग डोक्याचा स्कॅन काढला आणि त्यात रक्त दिसलं. माझा भाऊ परतवाड्याहून आला, अमरावतीला त्याच्या ओळखीचे मेंदूचे सर्जन होते, म्हणून तो मला मूर्तिजापूरवरून अमरावतीला घेऊन गेला.

मेंदूकडे रक्त नेणारी जी नस असते, तिच्या फाट्यावर कधीकधी कमजोर जागा राहते आणि तिथे फुगा धरतो. डॉक्टरांनी मला कागदावर काढून दाखवलं, पण मला आधीच कळलं होतं. आमच्या ठिबकच्या नळ्यांना असंच होतं. एका जागी नळी पातळ होते, फुगते, चकाकते, आणि एखाद्या दिवशी मोटर सुरू केली की तिथूनच फाटते. माझ्या फुग्याचं तोंड रुंद होतं, म्हणून जांघेतल्या नसेतून आत शिरून तारेचं वेटोळं भरायचा जो दुसरा उपाय असतो तो जमण्यासारखा नव्हता. त्यांनी कानाच्या वर कवटीचा तुकडा कापून काढला, मेंदूच्या घड्या हलकेच बाजूला केल्या आणि फुग्याच्या मानेला चिमटा लावला. तो चिमटा कायमचा आत राहतो. तसलाच एक त्यांनी मला तळहातावर ठेवून दाखवला. कपडे वाळत घालायच्या चिमट्याची नात शोभेल एवढासा. त्यावर माझा जीव अडकलेला आहे हे मला फार दिवस खरं वाटत नव्हतं.

ताई मला बघायला अमरावतीला एकदा आली. माझं डोकं भादरलेलं, पट्टी बांधलेली, एक डोळा सुजलेला. तिने पदर तोंडाला लावला, आणि मग शेजारच्या खाटेवरच्या बाईजवळ बसून हलक्या आवाजात, पण मला ऐकू येईल इतपत, सांगू लागली, "जहर पेली होती व माय. म्याच वकवलं म्हनून जगली. पन जहर डोक्यात चढलं, म्हनून डोकं फोडा लागलं."

जहर डोक्यात चढलं! मला हसताही येत नव्हतं आणि ओरडताही येत नव्हतं. स्कॅन झाला, सर्जनने भाऊजींना म्हणजे तिच्या नवऱ्याला सगळं समजावून सांगितलं, तरी तिने आपली गोष्ट सोडली नाही. कशी सोडेल? त्या गोष्टीत ती बहिणीला मरणाच्या दारातून ओढून आणणारी होती. खऱ्या गोष्टीत ती कोण होती?

मी गावात परतले तोवर गावाला सगळं पाठ झालं होतं. पोलीस घरी येऊन गेले होते. माझा नवरा, ज्याने आयुष्यात माझ्यावर आवाज चढवला नाही, त्याच्याकडे लोक तिरके बघत होते. बाईने काहून जहर घेतलं असेल, घरात काहीतरी असल्याशिवाय का घेते? मी ज्याला त्याला सांगायचे, मी काही घेतलं नव्हतं, नस फुटली होती. बायका मान हलवायच्या, "हो व, हो," अशा सुरात की त्यापेक्षा त्यांनी मला खोटारडी म्हटलेलं परवडलं असतं. आणि ताई शेजारी असली तर हसून म्हणायची, "जहर पेलेल्या बाईचं काय मनावर घेता!"

हे वाक्य तिला फार आवडलं होतं. वेगळ्या चुलीचा विषय मी पुन्हा काढला तेव्हाही घरात तिने तेच वापरलं. माझ्या कुठल्याही म्हणण्यावर ते चालायचं.

संक्रांतीनंतर मूर्तिजापूरकडचे पाहुणे माझ्या मुलीला बघून गेले. मुलगा चांगला होता, मुलीलाही आवडला होता. आठवड्याभरात निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका त्यांनी मागितलीच नव्हती. मग त्यांच्या नात्यातल्या एका बाईने बाजारात माझ्या नवऱ्याला स्पष्टच सांगितलं, "पोट्टी सोन्यासारखी हाय, पन मायनं जहर घेतलेलं घर नको म्हनतेत." पाहुण्यांपुढे नेसलेली साडी मुलीने घडी घालून माझ्या कपाटात ठेवली, स्वतःच्या नाही.

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. ताईने चारचौघींत सांगावं, की हिने जहर घेतलं नव्हतं. ही म्हणाली होती की डोकं फुटून राहिलं, आणि मी ते ऐकलं होतं. माफी नको, रडणं नको, पायाबिया पडणं तर नकोच. एवढं वाक्य हवं होतं. मी तिच्याकडे ते मागितलं, एकदा शांतपणे आणि पुष्कळदा भांडून. ती म्हणायची, "तुले तवा सुद होती का? मले होती."

अमरावतीला तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणी असं अचानक गेलं आहे का? मी नाही म्हणणार होते. मग आई आठवली. आमची माय बागेत संत्री तोडताना डोकं धरून खाली बसली ती उठलीच नाही. तिला ऊन लागलं असं सगळ्यांनी म्हटलं आणि आम्ही तसंच सांगत आलो. तेव्हा हिवाळा होता. हिवाळ्यात ऊन कसं लागतं हे कुणी विचारलं नाही, आम्हीसुद्धा नाही. डॉक्टर गंभीर झाले. म्हणाले, आई आणि तुम्ही, म्हणजे हे घराण्यात असू शकतं, भावंडांनी तपासून घ्यायलाच हवं. फुटायच्या आधी सापडलं तर काम पुष्कळ सोपं असतं.

भावाने लगेच नसांचा स्कॅन करून घेतला. त्याचं डोकं साफ निघालं. ताईला मी स्वतः सांगितलं, आणि मला ते सांगताना बरं वाटलं, हे लपवत नाही. चुलीपुढे ती भाकरी थापत होती. मी म्हटलं, "ताई, तुह्याई डोक्यात असन. डॉक्टरनं तुले बलावलं हाय."

ती भाकरी थापायची थांबली नाही. "तू जहर पेली, अन् मी काहून तपासू?"

तिची अडचण माझ्या ध्यानात आली आणि माझं मन गार झालं. तिने तपासणी केली असती तर नसांचा रोग मान्य करावा लागला असता, आणि तो मान्य केला की तिचं जहर गेलं, तिचं ओकवणं गेलं, तिचं वाचवणं गेलं. आपल्याच थापेत ती अशी अडकून बसली होती. मी म्हटलं, "नको तपासू. पन डोया मिटाले लागला अन् एका जागी दोन दिसाले लागले तं मले सांग." डॉक्टरांनी मला ही खूण सांगितली होती. फुगा वाढला की पापणी उचलणाऱ्या शिरेवर दाब येतो, पापणी पडते, बाहुली मोठी होते. मग थांबायला वेळ नसतो.

ती म्हणाली, "तुह्या तोंडात किडे पडो."

तेव्हापासून मी तिच्या डोळ्यांकडे बघत राहिले. चुलीवर दूध ठेवल्यावर बघतात तशी. रोज सकाळी ती अंगणात आली की आधी पापण्या बघायच्या, मग दिवसाच्या भांडणाला लागायचं. सूड म्हणून बघत होते की काळजी म्हणून, ते मला विचारू नका. पुढे वेगळी चूल मिळाली, तरीही मी ह्या ना त्या निमित्ताने तिच्या ओट्यावर जात होते एवढं खरं.

मग महालक्ष्म्या आल्या. थोरलं घर तिचं, म्हणून मुखवटे तिच्याकडे बसतात. दुपारी सवाष्णींची पंगत होती. पुरण, सोळा भाज्या, आंबील. गावात नवीन लग्न होऊन आलेली एक सून पहिल्यांदाच जेवायला आली होती, आणि नवीन कान मिळाले म्हणजे ताईची गोष्ट आलीच. वाढता वाढता ती सांगत होती. मी पंगतीत बसून पुरणपोळीवर तूप घेत होते आणि माझीच गोष्ट ऐकत होते. ताई सांगत होती, "मंग म्या मिठाचं पानी पाजलं. घशात असे बोटं घातले..." आणि तिने आंबिलीचा डाव द्रोणात ओतायच्या ऐवजी बाजूला, पत्रावळीवर ओतला.

बायका हसल्या. ती पण हसली, म्हणाली, "अव माय, दोन द्रोन दिसले मले."

मी वर बघितलं. तिची डावी पापणी अर्ध्यावर आली होती. डोळा बाहेरच्या बाजूला कललेला.

मी उष्ट्या हाताने उठले. तिचा दंड धरला आणि विचारलं, डोकं दुखतं का? म्हणाली, "सकायपासून डोयामागं ठनकून राहिलं. उपास हाय ना. सोड, सवाष्णी जेवून राहिल्या." मी तिला मुखवट्यांच्या बाजूला ओढलं आणि मोबाईलचा उजेड तिच्या डोळ्यांवर टाकला. उजवी बाहुली आक्रसली. डावी तशीच, मोठी आणि काळी, उजेड पडल्याचं तिला कळलंच नाही.

आणि आता खरं सांगते. त्या क्षणी माझ्या मनात पहिल्यांदा दवाखाना आला नाही. पहिल्यांदा आलं ते हे, की आता ही माझ्या हातात आहे. पंगत समोर बसलेली. गावातली प्रत्येक बोलणारी बाई तिथे होती. मी तिच्या कानाशी लागून म्हटलं, "सांग ह्यायले. म्या काय म्हनलं होतं थे सांग, मंग मी सांगतो तुले काय झालं थे."

तिने मला ढकललं. पंगतीकडे वळून म्हणाली, "पायलं का? सनावाराच्या दिवशी इचं सुरू झालं. जहर पेलेल्या बाईचं काय मनावर घेता!"

पंगत हसली. माझी मुलगी वाढायला उभी होती, तिच्या हातात भाजीचं पातेलं होतं, आणि ती मात्र हसली नाही. मी ताईला सोडून भाऊजींकडे गेले. त्यांना डॉक्टरांनी मागे सगळं समजावलं होतं, ते बायकोपुढे बोलत नसत इतकंच. मी म्हटलं, "पापनी पडली, भाऊजी." ते लगेच उठले. माझ्या नवऱ्याने फुलांची गाडी काढली. ताई ओरडत होती, की पंगत उठली नाही, आरती राहिली, मी काही मेली नाही. दोघा भावांनी तिला उचलूनच गाडीत घातलं. पंगतीतल्या बायका उष्टे हात तसेच ठेवून दारात आल्या होत्या.

मागच्या बाजूला क्रेटवर सतरंजी टाकून तिला निजवलं, डोकं माझ्या मांडीवर. झेंडूचा वास भरून राहिलेला. मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा ती पहिल्यांदा घाबरली. म्हणाली, "मले वकारी येऊन राहिली." मी म्हटलं, "जोर लावू नको. हळू श्वास घे. मले वकवलं होतं तसं तुले कोनी वकवनार नाई." मग माझा हात तिने धरला, आणि मी तो सोडवून घेतला नाही, पण दाबलाही नाही.

अमरावतीला तेच डॉक्टर होते. स्कॅनमध्ये फुगा दिसला. अजून फुटला नव्हता, पण वाढत होता, शिरेवर रेललेला. माझा उजवीकडे होता, तिचा डावीकडे. तोंड ह्याचंही रुंदच, म्हणून चिमटाच लावायचा ठरला. त्यांनी तिला विचारलं, "घरात आधी कुणाला असं झालंय?" ताईने उघड्या डोळ्याने छताकडे बघितलं. मग बोट माझ्याकडे केलं आणि म्हणाली, "इले." फक्त तेवढं. डॉक्टरांना ते माहीतच होतं. ते वाक्य मला डॉक्टरांपुढे नको होतं.

शस्त्रक्रियेआधी डाव्या बाजूचे केस काढले. ताईचे केस गुडघ्यापर्यंत, सगळ्या गावात तिच्या वेणीचं कौतुक. माझं डोकं उघडं होतं तेव्हा हीच मला बोडखी म्हणायची, मुलांच्या देखत. मी तिथेच उभी होते. मशीन फिरत होतं, केस खाली पडत होते आणि मला आनंद होत होता. मग स्ट्रेचर आत गेलं, दार लागलं, आणि मी बाकावर बसून ढसाढसा रडले. माझ्याच रडण्याचा मला इतका राग आला की चहा घेऊन आलेल्या नवऱ्यावर मी खेकसले.

चिमटा नीट बसला. ती वाचली. पापणी हळूहळू उचलेल, काही महिने लागतील, डॉक्टर म्हणाले.

ती घरी आली आणि गावातल्या बायका बघायला येऊ लागल्या. त्या दिवशी ओसरीवर बऱ्याच जणी जमल्या होत्या. ताई खाटेवर, डोक्याला स्कार्फ, एक डोळा अर्धा मिटलेला. चहा मी करत होते, कारण आता दोन्ही चुली मलाच सांभाळाव्या लागत होत्या. एक वयस्क बाई, पंगतीत ताईच्या गोष्टीला सगळ्यांत जास्त हसलेली, तिच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "काहून घेतलं व माय? धाकटीनं घेतलं थे घेतलं, तू तं शानी होती."

ताईला कळलंच नाही. "काय घेतलं?"

"आता काय लपवतं? सारं गाव म्हनून राहिलं. महालक्ष्म्यायपुढं दोघी भांडल्या, मंग तू खोलीत गेली. पंगत टाकून असं कोन उचलून नेते? डोयावर आलं म्हनजे जहर डोक्यात चढलं असन. तुह्या बहिनीसारखं."

बाकीच्या माना हलवत होत्या. मी स्वयंपाकघराच्या दारात ट्रे घेऊन उभी राहिले. चहा निवला तरी चालणार होतं.

ताई ताडकन उठून बसली, इतकी की मला भीती वाटली. "म्या काई घेतलं नाई! आमच्या डोक्यातली नस फुगते. माही फुटाच्या आदी धरली. इची फुटली होती."

"हो व, हो," बायका म्हणाल्या.

तो सूर मी ओळखला. तिनेही ओळखला, कारण तो तिनेच त्यांना शिकवला होता. तिचा आवाज चढला. "देवाच्यान! इनंबी जहर घेतलं नोतं. थे मले म्हने, ताई, डोकं फुटून राहिलं माहं. म्या माह्या कानानं आयकलं. अन् दवाखान्यात म्या सांगतलं का काईच नाई बोलली!"

हे ते वाक्य. ज्याच्यासाठी मी तिच्या दारात भांडले, ज्याच्यापायी माझ्या मुलीची साडी माझ्या कपाटात पडून होती, ते वाक्य तिने चारचौघींत, एक शब्द कमी न करता उच्चारलं. आणि त्या चारचौघी तिच्याकडे कीव करून बघत होत्या. बहिणीला सांभाळून घेऊन राहिली बिचारी, असं एकजण दुसरीला पुटपुटली. तिच्या वाक्याची कुणाला काही किंमत नव्हती.

मग त्या वयस्क बाईने माझ्याकडे मान वळवली. "तू तं होती ना सारा वेळ. तूच सांग, खरं काय हाय?"

ताई माझ्याकडे बघत होती. एका पुऱ्या डोळ्याने आणि एका अर्ध्या. मी 'ती खरं बोलते' एवढंच म्हणणं पुरेसं होतं. कदाचित त्या दिवशी दोघी सुटलो असतो. माझं नाव त्याच वाक्यात होतं, माझ्या मुलीचंही, आणि हे मला त्या क्षणी पुरतं ठाऊक होतं.

मी ट्रे खाली ठेवला. सगळ्यांच्या पुढे एकेक कप केला. ताईच्या पुढेही.

"मले काहून इचारता?" मी म्हटलं. "जहर पेलेल्या बाईचं काय मनावर घेता!"